ऑग्डनांचा डबा आणि स्कारबरोचा आठवडा

माणूस काय खातो यावरून त्याची पारख होत नाही. तो जे खातो ते कोणत्या पुडक्यातून निघालं, यावरून होते. हे शाळेत शिकवत नाहीत. मी स्वतः आयुष्यभर हॉल्मबेकच्या प्राथमिक शाळेत मास्तरकी केली आणि हा धडा कधीच घेतला नाही, कारण मुलांना तो आधीच येत असतो. मधल्या सुट्टीत कोणाच्या बिस्किटाचा कागद चमकतो आणि कोणाचा नाही, हे ज्याला दिसलं नाही असं मूल माझ्या वर्गात कधी बसलं नाही.

आता नीट समजून घेऊ. आमच्या गावात फेअरलो नावाचं मोठं दुकान आहे. तिथं प्रत्येक वस्तू दोन प्रकारची मिळते. एक नाववाली, म्हणजे जिच्या पुडक्यावर आपल्या आजोबांच्या वेळेपासूनचं नाव असतं. आणि दुसरी दुकानछाप, म्हणजे जिच्यावर दुकानाचंच नाव असतं आणि जी बरीच स्वस्त असते. दोन्ही एकाच कारखान्यात तयार होतात असं लोक म्हणतात. (असं म्हणणारे सगळे दुकानछाप घेणारे असतात. नाववाला माल घेणाऱ्यांना तो कारखान्यात तयार होतो हेच मुळात मान्य नसतं.)

दुकानछाप मालातही तीन पायऱ्या आहेत. पांढरं पाकीट सगळ्यात स्वस्त. निळं मधलं. आणि काळं-सोनेरी पाकीट, जे नाववाल्या मालापेक्षाही महाग असतं. पण तेही दुकानछापच असल्यामुळे ते घेणारा माणूस काटकसरी ठरतो. आमच्या दिवंगत डॉक्टरांच्या पत्नीनं या मार्गानं इतकी बचत केली, की त्यांचा महिन्याचा किराणा सव्वापट झाला.

या खरेदीचे शिष्टाचार कुठं लिहून ठेवलेले नाहीत, पण सगळे पाळतात. पांढरी पाकिटं ढकलगाडीत तळाशी ठेवायची आणि वर नाववाल्या मुरंब्याची बरणी आडवी टाकायची. ओळखीचं कोणी समोरून आलं तर हवेबद्दल बोलायचं. घरी जाताना माल पेम्बर्टनच्या पिशवीतून न्यायचा. पेम्बर्टन हे शेजारच्या शहरातलं उंची दुकान. त्याच्या कापडी पिशव्या दणकट असतात आणि त्यांच्यावरची अक्षरं रस्त्यापलीकडून वाचता येतात. माझ्या माहितीतली एक पिशवी पेम्बर्टनमध्ये आयुष्यात एकदाच गेली आहे, ती विकत घेतली तेव्हा. हॉल्मबेकमध्ये रस्त्यावर दिसणाऱ्या पिशव्यांपैकी नव्वद टक्के पेम्बर्टनच्या असतात आणि त्यांतला शंभर टक्के माल फेअरलोचा असतो. (ही पाहणी मी खिडकीत बसून केली आहे.)

ती एक पिशवी माझ्या शेजारच्या ऑग्डनांची.

विल्फ ऑग्डन बस चालवायचा, आता निवृत्त आहे. त्याची बायको म्युरियल चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या प्रार्थनामंदिराच्या, काटकसर मंडळाची चिटणीस. लग्न झाल्यापासून दर ऑगस्टमध्ये ही दोघं समुद्रकाठच्या स्कारबरोला जाऊन एक आठवडा राहतात. एक चाकांवरचं छोटं घर भाड्यानं घेतात आणि बंदराजवळच्या बाकावर बसून कागदातली मासळी खातात. म्युरियल वर्षातले बाकीचे एक्कावन्न आठवडे त्या बाकाच्या आधारावर काढते. पण त्या हिवाळ्यात घर गरम ठेवण्याचं बिल असं आलं, की ते वाचूनच घाम फुटावा. (बिलाचा तेवढा तरी उपयोग झाला.) स्कारबरो धोक्यात आलं.

"फेअरलोचं सामान घ्यायचं," म्युरियलनं जाहीर केलं. "मीठ, साबण, वाटाणे, चहा. सगळं दुकानछाप. उरलेले पैसे टॉफीच्या डब्यात. ऑगस्टमध्ये डबा उघडायचा."

"वाटाणे चालतील," विल्फ म्हणाला. "साबण कसलाही चालेल, तोंडात थोडाच जातो. चहा मात्र नाववालाच, ब्लॅकमूरचा."

"चहातच तर सगळा पैसा जातो, म्हाताऱ्या! दिवसाला बादलीभर पितोस तू."

"मग स्कारबरो नको. पण तो दुकानातला भुसा मी पिणार नाही. एका घोटात कळतं मला. माझी जीभ आहे, बसचं टायर नाही."

पाच मिनिटांनी मला कुंपणावरून बोलावून साक्षीला उभं केलं गेलं. मी म्हणालो, की दोघांचंही म्हणणं विचार करण्यासारखं आहे. शिक्षक या वाक्याच्या जोरावर पेन्शनपर्यंत पोहोचतो.

त्यानंतर म्युरियलनं जे केलं ते आमच्याकडे हजारो घरांत होतं आणि त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. तिनं फेअरलोचा पांढऱ्या पाकिटातला चहा आणला आणि ब्लॅकमूरच्या हिरव्या डब्यात ओतला. रिकामं होईपर्यंत पाकीट जिन्याखालच्या कपाटात, झाडझुडीच्या यंत्रामागे ठेवलं. लग्नानंतर विल्फ त्या यंत्राच्या जवळपासही फिरकलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्फनं पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

"बघ राणी," तो म्हणाला, "याला म्हणतात चहा. तुझ्या त्या दुकानवाल्यांना सात जन्मात जमायचं नाही."

"नाहीच जमायचं," म्युरियल म्हणाली आणि टॉफीच्या डब्यात पहिलं नाणं टाकलं.

इथपर्यंत सगळं आदर्श होतं. काटकसरीच्या कुठल्याही पुस्तकात हे घर नमुना म्हणून छापता आलं असतं. पण फेब्रुवारीत एकदा दिवे गेले, आणि फ्यूज बसवलेला होता जिन्याखालच्या कपाटात.

विल्फला पांढरं पाकीट दिसलं. त्यानं फ्यूज बसवला, कपाट लावलं आणि येऊन खुर्चीत बसला. कप समोरच होता. त्यानं घोट घेतला आणि त्याला तो भुसा लागला. त्याच कपातला आधीचा घोट उत्तम होता, याची नोंद घ्यावी.

दुसऱ्या एखाद्या देशात इथं भांडण झालं असतं. आमच्याकडे बायकोनं आपल्याला फसवलं हे तिला सांगणं असभ्य समजतात. विल्फनं सभ्य मार्ग धरला. कोपऱ्यावरच्या दुकानातून तो ब्लॅकमूरचा चहा आणू लागला, त्या चहानं हिरवा डबा भरू लागला आणि डब्यातला दुकानछाप चहा भाजीच्या वाफ्यावर नेऊन रुबार्बच्या, म्हणजे गोडाधोडात घालतात त्या आंबट देठांच्या झाडाच्या, मुळाशी घालू लागला. म्हणजे ब्लॅकमूरच्या डब्यात आता ब्लॅकमूरचा चहा होता, आणि ही गोष्ट म्युरियलपासून काळजीपूर्वक लपवलेली होती.

परिणाम उत्तम झाले. एक तर रुबार्ब फोफावला. दुसरं म्हणजे म्युरियलच्या लक्षात आलं, की दुकानछाप चहा कमालीचा पुरवठ्याला येतो. डबा सहसा रिकामा होतच नाही. शिवाय चवही सुधारली आहे.

"मास्तर, खोटं नाही सांगत," ती मला कुंपणावरून म्हणाली, "सुरुवातीला मलाही जरा पाणचट वाटला होता. पण जीभ सवयीची गुलाम. आता मला ब्लॅकमूरमध्ये आणि यात कणभर फरक वाटत नाही."

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

काटकसर मंडळात तिनं यावर भाषण केलं. टाळ्या पडल्या. जुलैमध्ये चॅपलच्या छपराच्या दुरुस्तीला पैसे जमवण्यासाठी चहापान असतं. त्या दिवशी चहाच्या मोठ्या बंबातही दुकानछाप चहाच घालावा, असा ठराव तिनं मांडला. बंबाच्या चाव्या ग्लॅडिस क्रॅबट्रीकडे असतात. ग्लॅडिसबाई आधी कुरकुरल्या.

"लोक काय म्हणतील गं? छपरासाठी पैसे देतात बिचारे."

"लोकांना कळणारच नाही. डबा ब्लॅकमूरचाच ठेवायचा," म्युरियल म्हणाली. "आमच्या विल्फला कळलं नाही, आणि त्याची जीभ म्हणजे काय सांगू!"

चॅपलमध्ये सत्याला फार मान असल्यामुळे ठरावात 'सभासदांच्या भावना दुखावू नयेत म्हणून जुना डबा वापरावा' असं लिहिलं गेलं. तो एकमतानं मंजूर झाला. विल्फ मंडळात नव्हता. त्याचं काम खुर्च्या मांडायचं होतं.

चहापानाला गाव लोटलं. मी रुबार्बच्या गोड पावाचा तुकडा घेऊन ऑग्डन दांपत्याच्या मधोमध उभा होतो. (रुबार्ब विल्फच्या वाफ्यातला. इतका मांसल रुबार्ब त्या वर्षी तालुक्यात कुठं झाला नव्हता.) विल्फनं ग्लॅडिसबाईंच्या मागचा हिरवा डबा पाहिला, निश्चिंत मनानं कप उचलला, रिकामा केला, दुसरा घेतला, तिसरा घेतला.

"ग्लॅडिस, तुमचा हात धरणारा कोणी नाही," तो मोठ्यानं म्हणाला. "घरी इतका छान लागत नाही. अस्सल ब्लॅकमूर!"

त्याच वेळी म्युरियलनं पहिला घोट घेतला आणि तिचा चेहरा आंबट झाला.

"शी! ग्लॅडिस, हे काय गं? हा आपला दुकानछाप नव्हे. आमच्या घरचा बघ कसा दाट लागतो. फेअरलोनं माल बदलला, की तू काटकसरीत काटकसर केलीस?"

"तूच आणून दिलेली पाकिटं आहेत, बाई," ग्लॅडिस तडकल्या. "मी फक्त पाणी उकळलं!"

विल्फचा चौथा कप हवेतच थांबला.

"हा दुकानछाप आहे?"

"हो," ग्लॅडिस म्हणाल्या.

"तरीच. मघापासून घशाशी काहीतरी भुशासारखं लागतंय."

"घरी रोज हाच पितोस की," म्युरियल म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"मी? छे! तो तर सगळा मी रुबार्बला…"

इथं विल्फ थांबला. मी माझ्या हातातल्या गोड पावाकडे पाहिलं. हॉलमधल्या सगळ्या लोकांनी एकदम हवेबद्दल बोलायला सुरुवात केली.

घरी गेल्यावर म्युरियलनं मलाही आत बोलावलं. ती ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "आणि तुझ्या चहाला पैसे कुठून आले?"

विल्फ उत्तर द्यायच्या आत तिनं टॉफीचा डबा टेबलावर उपडा केला. सगळ्यात वर थोडी नाणी होती. त्यांच्याखाली लोखंडी वायसर होते. विल्फच्या हत्यारांच्या खोलीतले, निरनिराळ्या आकाराचे, पुसून स्वच्छ केलेले.

हे मी वर्गात समजावतो तसं समजावतो. डबा तोच, आतला माल स्वस्त. म्युरियलनं चहाच्या बाबतीत जे केलं तेच विल्फनं नाण्यांच्या बाबतीत केलं होतं. तत्त्वाच्या दृष्टीनं त्याच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती.

"वाजत तर खऱ्यासारखे होते," म्युरियल हळूच म्हणाली.

"वजन बघून निवडले, राणी."

"पण चहा बदललाय हे तुला कळलं कधी?"

"पाकीट दिसलं तेव्हा."

"आणि पाकीट दिसायच्या आधी?"

विल्फनं प्रामाणिकपणे विचार केला. "आधी फार छान होता."

म्युरियलनं एक वायसर उचलून त्याच्या भोकातून खिडकीबाहेर पाहिलं. "म्हणजे यंदा बाक नाही," ती म्हणाली. माझ्या आठवणीत ती इतक्या बारीक आवाजात कधी बोलली नव्हती.

"मी चहा सोडतो," विल्फ म्हणाला. "आजपासून. एक थेंब नाही."

"चहा सोडून तू त्या बाकावर बसून करणार काय? मला तुझ्याकडे बघत बसावं लागेल."

मग दोघंही हसू लागली, आणि हसता हसता म्युरियलनं डोळे पुसले. मला आणखी एक कप मिळाला. कशाचा, ते मी विचारलं नाही.

उरलेल्या नाण्यांत स्कारबरो बसेना. पण स्कारबरोच्या अलीकडे सँडरिग म्हणून एक गाव आहे, तिथं चाकांवरचं घर निम्म्या भाड्यात मिळतं. समुद्र तोच, वाळू तीच, मासळी तीच. गावाला नाव नाही, एवढंच. तिथं बाकही आहे. ऑग्डन दांपत्य सँडरिगला आठवडाभर राहिलं. एके दिवशी बसनं स्कारबरोला गेलं, तिथं चित्रांची कार्डं घेतली, तिथल्याच टपालपेटीत टाकली आणि संध्याकाळच्या बसनं परत आलं.

गल्लीतल्या प्रत्येकाला स्कारबरोच्या बंदराचं रंगीत चित्र आलं. माझ्या कार्डावर म्युरियलनं लिहिलं होतं: 'हवा छान. घरमालकीण हिरव्या डब्यातला चहा देते. विल्फ म्हणतो, अस्सल. मीही तेच म्हणते. डबा कोण भरतं ते दोघांनीही विचारलेलं नाही.' कार्ड मी शेकोटीच्या वर मांडलं आहे. येणारे-जाणारे बघतात आणि म्हणतात, "वा, स्कारबरो! त्या समुद्राची सर दुसऱ्या कशाला येत नाही."

आपण एवढा वेळ विल्फला हसलात, ते योग्यच आहे. आता आपल्या स्वयंपाकघरातला चहाचा डबा आठवून बघा. तो भरला जाताना आपण शेवटचं कधी पाहिलं होतं? आत जाऊन विचारावंसं वाटत असेल तर जरूर विचारा. फक्त हातातला कप आधी संपवा. उत्तर ऐकल्यावर त्याची चव बदलते.