मागच्या रांगेच्या रामटेके बाई

रामटेके बाई अहेरीच्या बाजारात वांगी घ्यायच्या आधी भाजीवाल्याचं ओरडणं तपासायच्या. "घशातून नको, पोटातून काढ," असं त्याला बजावून मिरच्यांच्या ढिगापलीकडे जाऊन उभ्या राहायच्या आणि पसंत पडलं तरच पिशवी पुढे करायच्या. एकदा त्यांनी एस.टी.च्या कंडक्टरला आलापल्लीचं नाव पुन्हा घ्यायला लावलं, कारण शेवटच्या सीटवरच्या म्हातारीपर्यंत ते पोचलं नव्हतं. म्हातारीला आलापल्लीला उतरायचं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

"मागच्याले आयकू नाई गेलं," हे त्यांचं पालुपद होतं. ऐंशी सालानंतरच्या त्या दिवसांत त्या आमच्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि शनिवारी शाळा सुटल्यावर नाटकाचा वर्ग घ्यायच्या. सातवीत मी त्या वर्गात गेले ते मैत्रिणीमुळे. शबाना, बांगडीवाल्या चाचांची मुलगी, तिथे जायची आणि मला एकटीनं घरी जायचा कंटाळा यायचा.

वर्गात रंग नाही, पोशाख नाही. आम्ही व्हरांड्यात उभं राहून वाक्यं म्हणायची आणि बाई मैदान ओलांडून हापशीजवळ कानामागे हात धरून उभ्या. मधूनच शेजारची आरा मशीन सागाचे लठ्ठे कापायला लागायची. शबानाचा आवाज हापशी ओलांडून पोलीस ठाण्यापर्यंत जायचा. माझा व्हरांड्याची पायरीसुद्धा उतरत नसे. म्हणून सातवीत मी झाड झाले आणि आठवीत गर्दी. गर्दीलाही बोलायचं नव्हतं.

नववीत मात्र मी धीर करून विचारलं, मला वाक्य काऊन नाही. बाई रागावल्या नाहीत. पुढच्या शनिवारपासून त्या आधी माझ्या अगदी जवळ उभ्या राहू लागल्या आणि आवाज सुधारेल तसतशा मागे सरकू लागल्या. मी किंचाळले की हात हलवायच्या. "वरडू नको पोरी. मले सांग. मी इथीच उभी आहो."

दिवाळी गेली, थंडी गेली, आणि बाई सरकत सरकत हापशीला टेकल्या. मला आईचं काम मिळालं. मी घरी भांडी घासताना, गाईला चारा टाकतानाही आईचीच वाक्यं म्हणायचे. गाय कंटाळली असावी.

गॅदरिंगला हेडमास्तरांनी हौसेनं माईक मागवला होता. बाईंनी तो नाटकापुरता बाजूला ठेवायला लावला. माईकनं आवाज मोठा होते, पोचत नाई, असं त्यांचं म्हणणं. हेडमास्तर दुपारभर तोंड पाडून फिरत होते.

त्या दिवशी बाईंचे वडील गावाहून आले होते. हेडमास्तरांनी त्यांना पाहुण्यांच्या शेजारची खुर्ची दाखवली. पांढरी टोपी घातलेल्या म्हाताऱ्यांनी नमस्कार केला आणि सगळ्यांना ओलांडून थेट मागे, भिंतीजवळ, जमिनीवर जाऊन बसले. बाई त्यांना बोलवायला गेल्या आणि एकट्याच परत आल्या. माझ्या निऱ्या नीट करत म्हणाल्या, "गावात नाटक झालं तं आमच्या लोकायले सगळ्यायच्या मागं बसा लागे. बाबा घरी येऊन आमाले पुरं नाटक सांगे. लय मजा ये. मोठी झाल्यावर समजलं, मागं आयकूच येत नव्हतं. अर्धं नाटक बाबा सोताच रचे."

मला राग आला, कोणाचा ते कळेना. रडूही आलं. पण पडदा सरकला होता.

मी पुढच्या रांगेकडे पाहिलंच नाही. भिंतीजवळच्या त्या पांढऱ्या टोपीला मी सगळं सांगितलं, मुलगा दूर गेल्याचं, चूल पेटवावीशी वाटत नसल्याचं. पाहुणे खुर्चीत दचकले म्हणे.

नाटक संपल्यावर मी, डोक्याला पीठ फासलेली आई, बाईंच्या मागोमाग धावले. बाई नव्या साडीनिशी धुळीत वडिलांच्या शेजारी बसल्या. म्हाताऱ्यांनी त्यांचा हात हातात घेतला.

"पुरं आयकलो माय," ते म्हणाले. "आज एक शब्द बी जोडा नाई लागला."