लेन्सची उलटतपासणी

नवी लेन्स आली की आमच्या जठारपेठेतले मनोहरकाका आधी तिला भिंतीसमोर उभी करतात. भिंत शेजारच्या घराची, गिलावा न केलेली. विटांच्या ओळी फोटोत सरळ आल्या तर लेन्स सरळ, कडेला वाकल्या तर लेन्स चोर. त्या भिंतीचे इतके फोटो निघालेत की त्या घराच्या मालकाला काकांचाच संशय येतो. त्याने एकदा मला अडवून विचारलं, "मास्तर, खरं सांगा, माहं बांधकाम मोजून राहिले का थे?"

काकांनी जन्मभर अकोल्यातली लग्नं टिपली. आता स्टुडिओ बंद झाला, संशय चालू आहे. दुकानदारावर, खोक्यावरच्या मजकुरावर, आणि मोबाइलवर लेन्सची तारीफ करणाऱ्यांवर तर फारच. "याले फुकट भेटली असन," म्हणतात. "फुकटच्याले कोन नाव ठेवते?"

यंदाची लेन्स मुठीत मावणारी झूम होती, आणि तरी कमी उजेडात फ्लॅशशिवाय चालणारी. परत करायला दहा दिवसांची मुदत. काकांनी ती माझ्या हातात दिली. "हलकी काहून हाय हे? आत काई तरी कमी टाकलं असन यायनं."

खरं तर हलकी, लहान त्यांनाच हवी होती. दोन वर्षांपूर्वी शालूकाकूंच्या तोंडावरून वारं गेलं आणि ओठ डावीकडे ओढले गेले. तेव्हापासून त्यांनी एकही फोटो काढू दिला नव्हता. मोठी लेन्स दिसली की पदर तोंडावर, फ्लॅश उडाला की डोळ्याला पाणी. काकांना आपल्या बायकोचा एक फोटो हवा होता, एवढंच.

नऊ दिवस तपासणी चालली. भिंत झाली, खिडकीला चिकटवलेलं वर्तमानपत्र झालं, गच्चीवरची दोरी झाली. नवव्या दिवशी काका पडलेल्या चेहऱ्याने वर माझ्या खोलीत आले. "कोपरे साफ, ओळी सरळ. खोटच सापडून नाई राहिली बावा. मले तर भेव लागून राहिलं."

दहाव्या दिवशी सकाळी काकू खिडकीपाशी अंबाडीची भाजी निवडत होत्या. मी समोर चहा पीत होतो. काकांनी कॅमेरा कधी उचलला ते मलाही कळलं नाही. एकच फोटो. काकू रागावल्या नाहीत, "दाखवा," म्हणाल्या.

बराच वेळ पाहत राहिल्या. "तोंड लयच वाकडं दिसून राहिलं हो."



"लेन्स वाकडी हाय," काका म्हणाले. "सरळ गोष्ट वाकडी दाखवते. कालच पाह्यलं भिंतीवर. इचार मास्तरले."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला लेन्समधलं ओ की ठो कळत नाही, पण मी मान हलवली.

"मंग वापस करा थे," काकू म्हणाल्या. "चांगली आना. मंग काढा माहा फोटो, नीट बसतो मी."

दोन वर्षांत त्या पहिल्यांदा हो म्हणाल्या होत्या. काकांनी तिथेच मला मोबाइलवर परतीचा फॉर्म भरायला लावला. कारण सांगितलं, 'सरळ रेषा वाकड्या येतात.' लेन्सबद्दल हा माणूस जन्मात खोटं बोलला नव्हता. खोक्यात ठेवण्याआधी त्यांनी तिची काच दोनदा पुसली. मला फार वाईट वाटलं.

जिन्यात मी हळूच विचारलं, "काका, दुसरीतही तसंच दिसलं तर?"

"दिसनच," ते म्हणाले. "तिच्यातही खोट काढीन. पन बसन ना थे माह्यासमोर."