कापसाचं भजं

हिरामणभाऊ कोणालाही हसवण्याआधी त्याचं वय, गाव आणि बायकोचं माहेर विचारतात. उत्तरं मिळाली आणि नातं जुळलं, तरच थट्टा. नाही तर तुम्ही कितीही मोठे साहेब असा, वरण-भात मिळेल, पोळी गरम मिळेल, विनोद मिळणार नाही.

"आधी नातं, मंग थट्टा," हे वाक्य दिवसातून दहा वेळा. "नात्याबिगर हसवनं म्हंजे दुसऱ्याच्या वावरात नांगर घालनं हाय, मॅडम."

मॅडम म्हणजे मी. गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या गेस्ट हाउसची मी व्यवस्थापक, आणि हिरामणभाऊ तिथले आचारी. राहणं मागच्याच खोलीत. त्याआधी वीस हिवाळे त्यांनी वडशाकडच्या झाडीपट्टीत हिवाळाभर चालणाऱ्या नाटकांत विनोदी कामं केली, तीही साळ्याच्या जोडीनं. साळा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. स्टेजवर साळा यांना घालूनपाडून बोले, हे साळ्याला, आणि मांडवातली माणसं पोट धरून हसत. साळा वारला, त्या दिवसापासून भाऊंनी तोंडाला रंग लावला नाही.

मी रुजू झाले तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी बजावलं होतं की गावाचं नाव सांगू नका, हा माणूस नातं लावतो आणि मग सुटका नाही. पहिल्याच दिवशी प्रश्न आला. "मॅडम, गाव कोनतं?" म्हटलं, चंद्रपूर. "अन् माहेर?" म्हटलं, तेही चंद्रपूरच. त्यांनी मला जरा वेळ न्याहाळलं. "मंग नातं नाई लागत," म्हणाले, आणि पुढची चार वर्षं माझ्याशी एक वाकडा शब्द बोलले नाहीत. माहेरचं उत्तर मी खोटं दिलं होतं. कशासाठी, ते पुढे सांगते.

चौकीदार त्यांचा मानलेला व्याही. त्याच्या टोपीत आठवड्यातून एकदा तरी कांदा निघायचा. तो बिचारा कांदा घेऊन स्वयंपाकघरात यायचा आणि म्हणायचा, "भाऊ, तुमचा कांदा." भाऊ कांदा घ्यायचे, चिरायला बसायचे, आणि मग स्वतःच दिवसभर चेहरा पाडून असायचे.

मागच्या हिवाळ्यात कारखान्यात नवं यंत्र आलं आणि त्याच्यासोबत तीन विदेशी माणसं आमच्याकडे मुक्कामाला आली. कोरियाचे चोई साहेब, त्यांच्या हाताखालचा एक तरुण इंजिनियर, आणि इंग्लंडचे डेव्हिड साहेब. कारखान्याच्या प्रशासन अधिकाऱ्यांनी लगेच जेवणाच्या खोलीत एक पाटी लावली, की हसू ही साऱ्या जगाची एकच भाषा आहे. हिरामणभाऊंनी ती माझ्याकडून वाचून घेतली.

"कोन म्हनते?" ते म्हणाले. "रडनं जगात एक असते. हसनं दर चार कोसावर बदलते. हे लिवनारा कधी घराभाईर निंघाला नाई."

पहिल्या जेवणालाच त्यांनी मला दुभाषी केलं. "इचारा त्यायले, वय किती."

डेव्हिड साहेब गंभीर तोंडानं म्हणाले, "एकशे चार. नागपूरहून निघालो तेव्हा एक्केचाळीस होतं. बाकीचं तुमच्या रस्त्यावर झालं."

मी हसले. भाऊ हसले नाहीत. दुपारी भांडी विसळताना म्हणाले, "तो मानूस तोंड सरळ ठेवून खोटं बोलते. आमच्या नाटकात असं केलं असतं तं लोकायनं खुर्च्या फेकल्या असत्या."

चोई साहेबांचं मात्र निराळंच झालं. मी विचारायच्या आत त्यांनीच मला विचारलं, "यांचं वय किती?" भाऊ एकसष्ट, ते अठ्ठावन्न. झालं. चोई साहेब खुर्चीवरून उठले, मान वाकवली आणि ताट दोन्ही हातांनी घेतलं. तिखट ठेचा त्यांनी भाजीसारखा खाल्ला.

"हा मानूस आमच्या झाडीतला हाय," भाऊंनी जाहीर केलं. "नातं इचारल्याबिगर घास नाई उचलत. तीन वर्सांनी लहान, मिरची खाते, मोठ्यासमोर पाय पसरत नाई. हुबेहूब माहा साळा."

मग रोज संध्याकाळी माझ्यापुढे त्यांचं निरीक्षण सुरू. डेव्हिड साहेब फोनवर आपल्या वरिष्ठाला टोमणे मारतात आणि वरिष्ठ तिकडून हसतो, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी कानाला हात लावला. "नोकरी कशी टिकते बाप्पा त्याची? अन् वरतून सोताचीच थट्टा करते. सोतासंग कोनतं नातं लागते मानसाचं?" कोरियावाल्यांचं त्यांना कळायचं. चोई साहेब हसले की तरुण हसायचा, ते थांबले की थांबायचा. "बराबर हाय. पंगतीत व्याही हसल्याबिगर कोनी हसते का?"

आता ते भजं.

एका गुरुवारी अधिकारी साहेबही जेवायला होते. भाऊंनी गरम भज्यांची ताटली आणली, स्वतः वाढली आणि दाराशी हात बांधून उभे राहिले. डेव्हिड साहेबांनी एक भजं तोंडात टाकलं. चावलं. परत चावलं. मग त्यातून एक लांब पांढरा धागा ओढत ओढत बाहेर काढला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "शर्ट चवीला छान आहे. फक्त माझ्या मापाचा नाही."

भज्यात कापूस होता.

चोई साहेबांच्याही भज्यात होता. त्यांनी तो बोळा काढून ताटाच्या कडेला ठेवला. समोरच्या तरुणाचा चमचा हवेतच राहिला आणि चेहरा पांढरा पडला. चोई साहेब पाणी प्यायले, उठले आणि खोलीत निघून गेले. भाऊंचं तोंड एवढंसं झालं.

अधिकारी साहेब संतापले. "पाहुण्याच्या ताटात कापूस? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"हाय न जी. माह्या लग्नात साळ्यानं मले कापसाचा भजा खाऊ घातला होता. मी धानाच्या मुलखातला, मले कापसाचं काय ठाव? पुरा गिळला. घरची मरेपर्यंत हसली त्याच्यावर. त्याची परतफेड राहून गेली होती, साहेब. साळा गेला. आता हा भेटला."

"आणि डेव्हिड साहेब?"

"त्यायच्यासंग नातं नाई लागत. पन शेजारी बसले होते. एकट्याले कसं ठेवाव?"

शनिवारपर्यंत लेखी माफी, नाही तर नोकरी आणि खोली दोन्ही सोडायची, असा हुकूम झाला. माफीनामा टाइप करून माझ्याकडे आला. भाऊ सही करायला तयार नाहीत.

"साळ्याची माफी मांगत नसतेत, मॅडम. माफी मांगली का तो परका झाला."

"खोली जाईल, भाऊ. जाल कुठे?"

"जाऊ द्या. चूल कुठीबी पेटते." आणि पोळ्या लाटायला लागले. लाटणं मात्र नेहमीपेक्षा जोरात आपटत होतं.

मला राग आला, भाऊंचाही आणि त्या कागदाचाही. मी डेव्हिड साहेबांकडे गेले, म्हटलं, दोन चांगल्या ओळी लिहून द्या. त्यांनी लगेच दिल्या. 'भजी उत्तम. कापूस किंचित जास्त शिजला होता. पुढच्या वेळी शर्टाची बटणं आधी काढावीत.' मी तो कागद घेऊन अधिकाऱ्यांकडे पळाले, आणि तिथे माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. साहेब वाचून हबकले. "म्हणजे बटणंही निघाली?" आणि त्यांनी दुसरा आरोप लावला.

उरले चोई साहेब. दोन दिवस ते कोणाशी बोलले नव्हते. शनिवारी सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले आणि आमच्याकडचा साळ्या-जावयाचा सगळा प्रकार सांगितला, लग्नातल्या भज्यापासून. त्यांनी ऐकून घेतलं. तरुणाला काहीतरी काम सांगून बाहेर पाठवलं, उठून दार नीट लावलं. मला वाटलं, आता माझी पाळी.

आणि तो माणूस हसायला लागला. टेबलावर थापा मारत, वाकून, श्वास अडकेपर्यंत. डोळ्यांतून पाणी. "पुरा गिळला?" असं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा पुन्हा हसले.

"मग त्या दिवशी का नाही हसलात?" मी जरा चिडूनच विचारलं.

"त्या मुलासमोर? मी हसलो असतो तर त्यालाही हसावं लागलं असतं. मग आपण साहेबाला हसलो, म्हणून तो आठवडाभर घाबरून राहिला असता."

त्यांनी तोंड धुतलं, केस नीट केले, दार उघडलं. चेहरा पुन्हा दगडासारखा. तसेच ते अधिकाऱ्यांकडे गेले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "ते मोठे. मोठ्यानं दिलं, धाकट्यानं खाल्लं. तक्रार नाही." माफीनामा ड्रॉवरमध्ये गेला. मला वाटतं, अजून तिथेच आहे.

मी स्वयंपाकघरात धावत गेले. "भाऊ, जिंकलात. चोई साहेब हसले."

"कसे हसले?"

"टेबलावर थापा मारत. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत."

त्यांनी गॅस बारीक केला. "माहा साळाबी तसाच हसे," म्हणाले.

काम संपलं, तिघं परत गेले. त्यानंतर भाऊ खूश असायला हवे होते. ते गप्प गप्प राहायला लागले. एकदा मी छेडलं तेव्हा बोलले. "वाट पाहून राह्यलो होतो, मॅडम. रोज चप्पल झटकून घालो. चहा हुंगून पिवो. म्हटलं, साळा हाय, बदला घेतेच. पन तो जाईपर्यंत दोन हातानंच ताट घेत राह्यला. त्यायच्याकडं मोठ्याची थट्टा करत नाई म्हनतेत." मग म्हणाले, "आता सारेच पाया पडतेत माह्या. घरची गेली, साळा गेला. मले फसवनारं कोनी उरलं नाई."

त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. भाऊंची बायको वरोऱ्याकडच्या सोनेगावची. ती माहेरी आली की आमच्या अंगणात तीळ निवडायला बसायची. मी तेव्हा शाळेत होते, मी तिला अक्का म्हणायचे. भाऊ सासरवाडीला कधीमधी येत, मला ओळखायचं त्यांना कारण नव्हतं. पण मी त्यांना पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. गाव सोडून शिकून मॅडम झाले होते ना. आचाऱ्यानं आपल्याला साळी म्हणून चिडवावं, हे मला परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरून डबा घेऊन गेले. भाऊंच्या पुढे ताटली ठेवली. "मी केलीत. सांगा कशी झाली." मॅडमनं भजी आणली म्हणून ते आधी उभे राहिले, हात धुतले, आणि एक तोंडात टाकलं.

चावता चावता ते थांबले. बोटानं धागा ओढला. देवाच्या वातीचा कापूस होता, आमच्या घरी दुसरा नव्हता.

"मॅडम?"

"मॅडम नाही, भाऊजी. मी सोनेगावची. तुमची साळी."

"कोनाची?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. त्यांनी कापूस हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले. "चार वर्सं," ते म्हणाले. "चार वर्सं साळी समोर बसून, अन् मी मॅडम मॅडम करून राह्यलो."  

परवा सकाळी अधिकारी साहेब माझ्या टेबलाशी बसले असताना चहा आला. पहिल्या घोटातच कळलं, माझ्या कपात साखरेऐवजी मीठ आहे, आणि हात आखडता घेतलेला नाही. हिरामणभाऊ दारात खांद्यावर फडकं टाकून उभे होते.

"चहा कसा झालाय?" साहेबांनी विचारलं.

मी सगळा कप संपवला, डेव्हिड साहेबांसारखं तोंड सरळ ठेवलं आणि दाराकडे बघून म्हटलं, "साखर जरा जास्त झाली, भाऊजी."