चार भोकांचं बी

यंदाही ल्युपिनला फूल आलं नाही, तर ते उपटून तिथे कपडे वाळत घालायचा खांब रोवायचा, असं बायकोने शिंपीमास्तरांना बजावलं होतं. ल्युपिन वाटाण्याच्या कुळातलं; एकदा रुजलं की वर्षानुवर्षं फुलतं, म्हणे. मास्तरांच्या अंगणात ते वर्षानुवर्षं नुसती पानं हलवत उभं होतं. पण मास्तरांचा त्याच्यावर जीव. थंडीत त्यांनी त्याला मापाची बंडी शिवली होती, यावरून काय ते समजा.

मुदत संपत आली तसे मास्तर घायकुतीला आले. शेवटी निळ्या अस्तराच्या चिंध्यांचा झोकदार तुरा शिवला, पाकळ्या नीट बसाव्यात म्हणून मधे बटणं लावली आणि सकाळी गुपचूप झाडाला टाचून ठेवला.

बायको हरखली. "अहो, आलं की हो. मीच मेली उगाच बोलत होते," म्हणत तिने कुंपणापलीकडच्या काकूंना हाक मारली. काकू चष्मा पुसून वाकल्या.

"मास्तर, मधे बटण कसं?"

"बी आहे ते."

"चार भोकांचं?"

"त्यातूनच कोंब येतो," मास्तर बोलून गेले आणि मग जीभ चावली.

काकूंनी बी मागितलं. आता नाही कसं म्हणणार? मास्तरांनी मूठभर बटणं दिली. काकूंनी ती वाफ्यात पेरली, खत घातलं आणि रोज विचारू लागल्या, "अजून कोंब नाही हो?"

"पाणी घाला," म्हणून मास्तर काढता पाय घ्यायचे. बायको आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या ह्यांच्या हाताला गुण आहे." ते ऐकून मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि एका सकाळी चिंध्यांच्या तुऱ्याशेजारी खरा तुरा उमलला. निळाशार. मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. खोटं तेवढं काढून टाकलं की सुटलो, म्हणून त्यांनी हात घातला, तोच मागे बायको आणि काकू येऊन उभ्या.

"हे दुसरं काय उगवलंय?" बायकोने विचारलं.

काकूंनी पाकळ्या उलगडून पाहिल्या. "याला बटण नाही. भलतंच आहे काहीतरी."

"अहो, पण हेच खरं..." मास्तर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. हे रानटी त्या चांगल्या फुलाला खाऊन टाकेल. काकू, खुरपं आहे का तुमच्याकडे?"

"आहे ना, धारेचं. चल, देते."

दोघी लगबगीने कुंपणापलीकडे गेल्या. मास्तरांनी क्षणभर झाडाकडे पाहिलं. मग सदऱ्याचं वरचं बटण तोडलं, कॉलरला खोचलेली सुई काढली आणि खऱ्या फुलाला बटण लावायला बसले.