ऊर्ध्वपातनाचं प्रात्यक्षिक

"तर मग सांगा, ऊर्ध्वपातन प्रत्यक्ष कोणी पाहिलंय?" नीलेश सरांनी विचारलं आणि वर्गातल्या सगळ्या माना एकदम खाली गेल्या.

सरांना वाटलं, पोरांना प्रश्नच कळला नाही. अहो, कळला नाही कसला? फारच चांगला कळला होता! द्रव तापवायचा, त्याची वाफ करायची आणि ती वाफ थंड करून पुन्हा द्रव मिळवायचा, अशी व्याख्या सरांनी फळ्यावर लिहिली होती. ती वाचता वाचता मागे बसलेल्या भावेशला आपल्या काकाची आठवण येऊन गहिवरून आलं होतं. पण तलाठी, वनरक्षक नि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या वर्गात "सर, मी पाहिलंय, आमच्या रानात चालतं" असं उठून कोण म्हणणार?

नीलेश सर मूळचे इतिहासाचे. सगळ्या परीक्षा देऊन वय संपलं, तेव्हा ते परीक्षा कशा पास व्हायच्या हे शिकवायला लागले. सामान्य विज्ञान त्यांच्या गळ्यात पडलं ते दुसरा कोणी तयार नव्हता म्हणून. मोखाड्याहून जीपला लोंबकळत सूर्यमाळेच्या पाड्यावर यायचं आणि समाजमंदिरात फुकट शिकवायचं, म्हणजे माणूस मनाने चांगलाच, यात वाद नाही. पण न येणारा विषय माणसाने निदान गुपचूप शिकवावा की नाही? सराव परीक्षेत 'समुद्राच्या पाण्यातून शुद्ध पाणी कसं मिळवाल' या प्रश्नाला अख्ख्या वर्गाने 'टँकर मागवून' असं उत्तर दिलं, आणि सरांच्या डोक्यात प्रात्यक्षिक शिरलं.

"मिठाचं पाणी तापवून गोडं पाणी काढून दाखवतो," सर म्हणाले. "अडचण एवढीच की काचेचा चंबू नाही, वाफ थंड करायची नळी नाही."

"सर, मडकं चालंल का?" भावेशच्या तोंडून निघून गेलं. "नळी लावलेलंच हाय."

"मडक्याला नळी? ती कशाला?"

भावेश जरा अडखळला. "काकाला रानात सापडलं, सर. असंच."

"बघा! निसर्गात साहित्य पडलेलं असतं, दृष्टी पाहिजे," असं म्हणून सरांनी भावेशचं कौतुक केलं. बाकीच्या पोरांनी हसू दाबायला पुस्तकं तोंडावर धरली.

दुसऱ्या दिवशी मडकं आलं. चांगलं ऐसपैस, चुलीवर बसून बसून काळं झालेलं, तोंडाला झाकण आणि झाकणात बांबूची नळी. सरांनी आत डोकावून पाहिलं.

"तळाला हा गाळ कसला रे?"

"माती असंल, सर."

"मग धुऊन नाही आणलंस?"

"धुवायला पाणी कुठाय, सर?"

मे महिन्यात या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नसतं. टँकर खालच्या पाड्यापर्यंत आला होता आणि तिथेच रिकामा झाला होता. सरांनी त्या गाळावरच तांब्याभर पाणी आणि मूठभर मीठ ओतलं, झाकण चिखलाने लिंपून घेतलं आणि समाजमंदिरामागे जांभळीखाली तीन दगडांवर मडकं चढवलं. नळीच्या टोकाला बाटली लावली. ती थंड राहावी म्हणून घमेल्यात ठेवून घमेल्यात पाणी भरलं. हे पाणी कुठलं, तर बायकांनी डोंगर चढून आणून समाजमंदिरात प्यायला ठेवलेला हंडा. पाणी कोमट झालं की सर ओरडायचे, "बदला!" आणि पोरं बदलायची.

सगळ्या वर्गात एकच मुलगी कपाळाला हात लावून उभी होती. पुष्पलता. ती वनरक्षक भरतीत पास झाली होती. धावून झालं, मैदान झालं, लेखी झाली, राहिली होती फक्त पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. हातात ऑर्डर पडेपर्यंत क्लास सोडायचा नाही, असं तिच्या आत्याने बजावलं होतं म्हणून ती यायची.

"सर, नको ना हे," ती म्हणाली. "लांबून धूर दिसंल. कुणी काय समजंल. एक केस लागली तर नोकरी गेली आमची सगळ्यांची."

"पुष्पलता, विज्ञानाला घाबरायचं नसतं."

"विज्ञानाला नाय हो, पोलिसाला घाबरते मी!"

तोवर धूर पोचायचा तिथे पोचला होता. समोरच्या डोंगराच्या कडेला गोजाबाई लाकडं गोळा करत होती. गोजाबाई म्हणजे पाड्याच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष. तिने फोडलेली मडकी मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल. देवाधर्माला सगळे थेंबभर घेतात, पण हिच्या जिभेला आजवर कधी थेंब लागलेला नव्हता. समाजमंदिरामागे धूर बघून ती जागच्या जागी पेटली.

"देवळासारखी जागा, आणि तिथं भट्टी लावली मेल्यांनी!" तिने मोबाईल काढला. पंढरी हवालदाराचा नंबर तिच्या मोबाईलात पोटच्या मुलाच्याही वर होता. हवालदार टँकरवरचं भांडण सोडवायला जवळच आले होते. गोजाबाईने येता येता चार बायका गोळा केल्या, आणि हवालदारांची मोटारसायकल व ही फौज एकाच वेळी जांभळीखाली दाखल झाली. नेमकी तेव्हाच बाटलीत पहिली अर्धी वाटी जमली होती आणि सर म्हणत होते, "हे पाहा, शुद्ध!"

"शुद्ध काय, पहिल्या धारेची दिसते," हवालदार मागून म्हणाले.

सरांनी वळून पाहिलं. "साहेब, गैरसमज होतोय. आम्ही पाणी तयार करत होतो."

"कशापासून?"

"पाण्यापासून."

हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मास्तर, नोकरीत पुष्कळ खोटं ऐकलं. पण मे महिन्यात, सूर्यमाळेवर, पाण्यापासून पाणी? खोटं बोलायला पण जरा अक्कल लागते हो."

बायकांमधली रुपी घमेल्याशी गेली, मग आत जाऊन रिकामा हंडा बघून आली आणि तिचा तोल सुटला. "हंडा सपवला! अर्धा डोंगर चढून डोक्यावर आणला मी तो! दारू गाळली असती तर येक वेळ समजलं असतं. हंडाभर पाणी घालवून वाटीभर पाणी काढलं? ह्याला धरा साहेब, ह्याला आधी धरा!"

"थांबा, आधी काय आहे ते तर बघू," म्हणत हवालदारांनी बाटलीतलं थोडं दगडावर ओतलं आणि काडी लावली. भप्पकन निळी ज्योत उठली. पोरांची तोंडं उतरली. सर त्या ज्योतीकडे असे बघत होते, जणू तिची आणि त्यांची काही ओळखच नाही.

"झालं. पंचनामा करावा लागणार. मावशी, तक्रारदार तुम्ही. चला, सगळ्यांची नावं सांगा एकेक." हवालदारांनी पेन काढलं. "तू मागं कशाला लपतेस? स्कार्फ काढ. नाव?"

"पुष्पलता."

गोजाबाई दचकली. "पुष्पे? तू इथं?"

"क्लासला आले ना, आत्या. तूच तर पाठवतेस."

हवालदारांनी पेन थांबवलं. "वनरक्षकाची पुष्पलता तूच का? अगं, तुझा कागद माझ्याच टेबलावर पडलाय. आता काय लिहू मी त्यावर?"

पुष्पलता हिंमत करून पुढे झाली. "साहेब, ऐका. अल्कोहोल अठ्ठ्याहत्तर अंशाला उकळतं, पाणी शंभरला. मडकं धुतलेलं नव्हतं. तळाला जुना गाळ होता, त्यातलं अल्कोहोल आधी वर आलं. आता पुढं येईल ते नुसतं पाणी. नाय पेटणार ते. लावून बघा काडी!"

"अगदी बरोबर!" सर आनंदाने ओरडले. इतके महिने शिकवून कोणीतरी पूर्ण वाक्यात उत्तर दिलं होतं.

"म्हणजे मास्तर," हवालदारांनी शांतपणे विचारलं, "ह्या बाटलीत आहे ती दारूच ना?"

"हो, रसायनशास्त्राप्रमाणे तसंच म्हणावं लागेल," सर म्हणाले. पोरांनी डोक्याला हात लावले.

गोजाबाईने पुष्पलताकडे पाहिलं. आई गेल्यापासून हीच पोर तिने वाढवली होती. पहाटे उठून तिच्यासोबत रस्त्यावर धावली होती, आपल्याला दम लागतो म्हणून शेवटी काठी घेऊन बांधावर बसून हाकारत होती. आणि आज तिच्या आत्याच्याच फोनने पोरीच्या नोकरीवर पाणी फिरणार? तिने आयुष्यभर दारूशी वैर धरलं होतं, त्याचं हे फळ? जळो ते वैर, असंही तिला क्षणभर वाटलं.

"साहेब, बघू ती बाटली," ती म्हणाली.

"वास घेऊन सांगा, मावशी. तुमच्याइतकी पारख कोणाला नाही."

गोजाबाईने बाटली घेतली, डोळे गच्च मिटले आणि उभ्या उभ्या घटाघटा पिऊन टाकली. कोणाला काही कळायच्या आत बाटली पालथी करून दाखवली.

"पाणी हाय," ती म्हणाली.

"मावशी! मुद्देमाल होता तो!"

"पाणी होतं."

"आत्ता पेटलं ना ते माझ्यासमोर!"

"दगडावर वाळका पाला होता, तो पेटला."

"मग तुमच्या डोळ्यांतनं पाणी का येतंय?"

"पोरीला नोकरी लागली माझ्या. आनंद नाय व्हायचा?" गोजाबाई खोकत खोकत म्हणाली. "तक्रार माझी ना? मग मीच सांगते. पाणी. लिहा."

हवालदारांनी तिच्या हातातून रिकामी बाटली घेतली. मग त्यांनी ती पुन्हा नळीला लावली, चार थेंब जमल्यावर काडी ओढली. काडी चुर्र करून विझली. दुसरी ओढली, तीही विझली.

"मास्तर, शाळेत मला हे कोणी असं शिकवलं असतं तर मी आज फौजदार असतो," ते म्हणाले आणि त्यांनी पेन खिशात घातलं. "पुष्पलता, तुझा कागद उद्याच पुढं पाठवतो. चारित्र्य चांगलं आहे. आत्याचं जरा बघावं लागेल."

मोटारसायकल घाट उतरून गेली. रुपीने सरांच्या दोन्ही हातांत दोन हंडे दिले आणि खालच्या विहिरीची वाट दाखवली. दारूचं कलम लागलं नाही तरी पाण्याचं कलम तिच्यापाशी होतं. सर मुकाट्याने निघाले, भावेशही त्यांच्यामागे सटकायला बघत होता.

"थांब रे तू!" गोजाबाईने दगड उचलला. "अध्यक्ष हाय मी. मडकं फोडल्याबिगर जायची नाय." ती चुलीपाशी गेली, दगड डोक्यावर उगारला आणि तशीच उभी राहिली. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं.

"पुष्पे," ती हळूच म्हणाली, "ह्या दोन मडक्यांतलं कुठलं फोडू गं?"