हकीकत गोधडीच्या डोंगराची व अवनीबाईंच्या नदीची

पृथ्वीमातेस वंदन करोन, तिजला पाय लागल्याची क्षमा मागोन, हकीकत ऐसीजे. दिल्लीतख्ताच्या दक्षिणेस आर. के. पुरम म्हणोन सरकारी चाकरांची वसाहत. तेथील मराठी पोरे दिवाळीस रिवाजाप्रमाणे मातीचे किल्ले बांधीत. त्या साली इयत्ता पाचवीच्या अवनीबाईसाहेब यांनी क्वार्टरापुढे किल्ला रचिला, खंदक खोदिला, आणि शेजारील किल्लेदार सिद्धांतराव यांजपाशी पैज लाविली, की बादलीने नव्हे, डोंगरातून नदी आणोन खंदक भरीन. पणत्या लागेतो न भरला तर पुण्याहून आलेले माझे सारे मावळे तुझे.

बोलून गेल्या खऱ्या, परंतु मैदानास किंचित उतार मात्र, डोंगराचे नाव नाही. मग बाईसाहेब आजोबांस शरण गेल्या. आजोबा राजश्री पद्माकरपंत, भूगोलाचे निवृत्त मास्तर. शिकवावयास पोर मिळाले की जेवण विसरणारे. त्यांनी मसलत दिली, की जमीनही गोधडीसारखीच, दोहीकडोन रेटा बसला म्हणजे घडी पडते, तोच डोंगर. दिल्लीची रिज म्हणोन टेकड्यांची रांगदेखील ऐशीच पुरातन घडी, झिजोन उरलेली. त्याउपरी बाईसाहेबांनी आजी कौशल्याबाईंच्या जामदारखान्यातून गोधडी न पुसता आणिली, खंदकापुढे पसरिली, वर ओली माती थापिली, दोहीकडे फळ्या लाविल्या, आणि नळाचा पाइप सोडोन मातीवरून आपल्या खंदकाच्या रोखे नदी वाहती केली.

बाईसाहेब उतावीळ. फळीस एकदम रेटा दिला, आणि डोंगर क्षणात उभा राहिला, आणि नदी दचकोन डोंगराच्या टोकास वळसा घालोन थेट सिद्धांतरावांच्या खंदकात दाखल जाहली.

"थँक यू यार, अवनी! होम डिलिव्हरी बिल्कुल फ्री!" ऐसा गनिमाने पुकारा केला. बाईसाहेबांचे डोळे भरले.

पंतांनी हुकूम फर्माविला, की डोंगर मोडोन पुन्हा आरंभ करावा, फळी नखभर सारावी, मग नदीस कापू द्यावे, मग पुन्हा नखभर. डोंगर सावकाश चढला तर आधीपासोन वाहणारी नदी आपली वाट सोडीत नाही, त्यासच चिरोन खिंड पाडिते. मग बाईसाहेब ओठ दाबोन फळी सारू लागल्या, आणि डोंगर चढे, आणि नदी कापी, आणि खिंड अर्धी पडली, तो पणत्यांत तेल पडू लागले व सिद्धांतराव एकेका मावळ्यास नवे नाव ठेवू लागले.

इतक्यात खाशा कौशल्याबाई बाल्कनीतून पाहोन खाली चालून आल्या. "अगंबाई! माझ्या आईची गोधडी? आणि तुम्ही चिखलात बसून शिकवताय!" ऐसे गर्जोन त्यांनी गोधडीचे टोक धरोन हिसका दिला. जुनी शिवण टर्रकन उसवली, भुई दुभंगली, डोंगराची एक बाजू दोन बोटे खचली, आणि तुंबलेली नदी त्या भेगेत शिरोन धावत बाईसाहेबांच्या खंदकास मिळाली.

"बघ अवनी, हा भ्रंश!" पंत चिखलातच हर्षले. "भेग सापडली की नदी तीच वाट धरते."

"पण आजोबा, हे आधी सांगितलं नव्हतंत!"

"भूकंप काय सांगून येतो?" पंतांनी आजीकडे चोरोन पाहिले.

"ये तो चीटिंग है! आजींनी फोडला डोंगर!" ऐसी तक्रार सिद्धांतरावांनी गुदरली. फैसला जाहला, की पैज डोंगरातून नदी आणण्याची. डोंगर कोणी फोडावा याचा करार नव्हता.

येणेप्रमाणे पहिली पणती लागण्यापूर्वी खंदक भरला, मावळे बुरुजांवर कायम जाहले, आणि फत्ते बाईसाहेबांची जाहली. गोधडी धुणे व शिवणे ही कामगिरी आजींच्या हुकुमाने पद्माकरपंतांस वंशपरंपरेने बहाल जाहली. सबब दुसरे दिवशी विजयी अवनीबाईसाहेबही सुई घेऊन बसल्या.