रश्श्यात पडलेला कोड

एका रविवारी दुपारचा स्वयंपाक आपण करायचा, असं मी ठरवलं आणि तिथून सगळं सुरू झालं. हेतू वाईट नव्हता. बायको गणिताची शिक्षिका. घरात परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे पडलेले, आणि ती लाल पेन हातात धरून एकेका उत्तराकडे असं बघत होती, की ‘जेवायला काय आहे?’ हा प्रश्न विचारणं म्हणजे वाघाच्या गुहेत जाऊन ‘वाघ आहेत का घरी?’ असं विचारण्यासारखं होतं. मी विमा कचेरीत नुकसानभरपाईचे दावे तपासतो. गॅसवर ठेवलेलं काहीतरी विसरून लोकांनी घरं कशी पेटवली, हे वाचण्यात माझी उमर गेली. त्यामुळे शेगडीपासून चार हात लांब राहण्याचं शहाणपण माझ्या अंगी होतं. पण त्या दिवशी आईची आठवण आली.

आई जाऊन दोन वर्षं होत आली होती. तिचा कांदा-बटाट्याचा रस्सा! शाळेतून आलो की बाहेरच्या पायरीवरच वास यायचा. स्वयंपाकघराची खिडकी वाफेनं धुरकट झालेली असायची. त्या काचेवर मी बोटानं पाढे लिहायचो आणि चुकले की आई ओल्या हातानं पुसून टाकायची. (सातचा आणि आठचा पाढा कायम पुसलेला असायचा. अजूनही आहे.)

ती असताना एकदा मी तिला फोनवर रश्श्याची कृती विचारली होती. जवळ कागद नव्हता म्हणून बोलणं फोनमध्येच रेकॉर्ड करून ठेवलं. त्या रविवारी ते लावलं आणि ती सांगेल तसं करत गेलो. बायकोनं पेपर बाजूला ठेवून एक घास खाल्ला आणि म्हणाली, “बरा झालाय.”

बायकोच्या मोजमापात ‘बरा’ म्हणजे शंभरपैकी नव्वद. एखाद्यानं तेवढ्यावर समाधान मानून भांडी घासली असती. मी वेबसाइट काढायचं ठरवलं.

“कशाला?” बायको म्हणाली.

“आईची कृती जगाला कळली पाहिजे.”

“जगानं विचारलंय का?”

असल्या शंकांना माणसानं थारा दिला असता तर चाकसुद्धा सापडलं नसतं. दोन-तीन रविवार खपून मी ‘आईचं स्वयंपाकघर’ उभं केलं. वर आईचा फोटो लावला. तिला फोटो काढलेला आवडायचा नाही, म्हणून त्यात तिनं माझ्यावर पळी उगारली आहे. खाली कृती, आणि तिच्या खाली आईच्या आवाजातलं ते रेकॉर्डिंग. आता ते जगभर सुरक्षित झालं, या आनंदात मी जुना फोन देऊन नवा घेतला.

पासवर्ड ठेवला, ‘रस्सा एक दोन तीन’. (हसू नका. तुमचाही याच घराण्यातला असणार.)

घरच्यांखेरीज आठवडाभर कोणी फिरकलं नाही. मग एका सकाळी पहिला अभिप्राय आला, ‘फारच सुंदर माहिती. आपल्या लेखनानं माझं आयुष्य बदललं.’

माझे डोळे भरून आले. मी लगेच उत्तर लिहिलं, ‘आभारी आहे. आपण बटाटे सोलून घेता की सालासकट?’ त्यावर उलट टपाली आलं, ‘फारच सुंदर माहिती. आपल्या लेखनानं माझं आयुष्य बदललं.’ गृहस्थ मितभाषी होते, पण मतावर ठाम होते.

बायकोनं वाचलं आणि कपाळावर हात मारला. “अहो, हा माणूस नाही. यंत्र आहे. असले अभिप्राय हजारो ठिकाणी चिकटवत फिरतं.”

“यंत्राला एवढा आवडला, तर माणसांना किती आवडेल!” मी म्हणालो.

पुढे या माझ्या चाहत्यानं कळवलं की ‘वर्षातली सर्वोत्कृष्ट साइट’ म्हणून माझी निवड झाली आहे आणि पुरस्कार स्वीकारण्यासाठी सोबतच्या चौकटीत पासवर्ड लिहावा. कचेरीत कोणी विनासहीचा दावा आणला तर मी त्याला पाच फेऱ्या मारायला लावतो. पण पुरस्काराचं म्हटल्यावर माणसाचं डोकं जरा सैल होतं. मी पासवर्ड लिहिला. शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ हेसुद्धा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, दुसऱ्या गावात असते. मोठ्या दवाखान्यात मुख्य परिचारिका होती. निवृत्त झाली, पण आवाज अजून नोकरीवर आहे.

“टिल्लू,” ती कडाडली, “आईला तू बुटांच्या दुकानात बसवलंस?”

मी साइट उघडली. कृती गायब. रेकॉर्डिंग गायब. आईचा फोटो तेवढा जागच्या जागी, आणि खाली ओळीनं पळण्याचे बूट. वर मोठ्या अक्षरात, ‘आजच घ्या! अर्ध्या किमतीत!’ आणि आई अशी पळी उगारून उभी, की न घेणाऱ्याची धडगत नाही.

“आणि तिचा आवाज कुठे गेला?” ताईनं विचारलं. या वेळी ती कडाडली नाही. “मी रोज सकाळी चहा घेताना ऐकते रे तो. तुझ्याकडे दुसरी प्रत आहे ना?”

मी नव्या फोनकडे पाहिलं. मग म्हणालो, “बघतो.” विमा कचेरीत आम्ही ‘बघतो’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ काय असतो हे ताईला ठाऊक होतं. तिनं फोन ठेवला. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

आमच्या कचेरीत संगणक सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे कुलूपकाका म्हणतात, कारण ते जेवणाच्या डब्यालाही छोटं कुलूप लावतात. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पुरस्कार मिळाला का मग?”

हसून झाल्यावर त्यांनी कामाचं सांगितलं. साइट ज्या कंपनीकडे होती, ती जुन्या पानांची प्रत आठवडाभर जपून ठेवायची. म्हणजे रविवार संध्याकाळपर्यंत आत शिरून ती प्रत परत आणली, तर आईचा आवाज वाचणार होता. नंतर नाही. “पण आधी दार लावा,” ते म्हणाले. “नाहीतर तुम्ही पुढून झाडाल आणि चोर मागून बूट मांडतील. नवा पासवर्ड करा. त्यावर दुसरं कुलूप, म्हणजे दर वेळी फोनवर कोड येईल. आणि फोन बिघडला तर म्हणून एक गुप्त प्रश्न.”

मधले दिवस कचेरीत दाव्यांच्या ढिगाखाली गेले आणि रविवार उजाडला. या प्रसंगाला साजेसा म्हणून मी रस्साच करायला घेतला. (एका वेळी एकच काम करावं, असं आई सांगायची. पण तिचं ऐकायला आता रेकॉर्डिंग नव्हतं.) माझे हात कांद्यानं बरबटलेले, म्हणून टायपिंगला बायकोला बसवलं.

“नवा पासवर्ड झाला,” ती म्हणाली. “कोडसाठी तुमचा नंबर दिला. आता गुप्त प्रश्न. ‘लहानपणी सर्वात आवडतं जेवण कोणतं?’”

“हे काय विचारणं झालं!” मी कांद्यानं रडत म्हणालो. “आईच्या हातचा रस्सा!”

कीबोर्डची टकटक ऐकू आली. “झालं,” ती म्हणाली आणि पिशवी घेऊन भाजी आणायला गेली.

आता फक्त नव्यानं आत शिरायचं आणि जुनी प्रत परत आणायची. एका हातानं मी पासवर्ड टाकला. फोन वाजला, कोड आला. रस्सा रटरटत होता म्हणून दुसऱ्या हातात डाव होता. वाफेनं चष्मा धुरकटला, आकडे दिसेनात. मी चष्मा कपाळावर ढकलला, फोन डोळ्यांजवळ आणला. पहिले तीन आकडे वाचले, तेवढ्यात स्क्रीनवर आलं, ‘वेळ संपली.’ दुसरा कोड मागवला. तो आला, त्याच क्षणी तळाला बटाटा लागल्याचा वास आला. मी घाईनं ढवळायला गेलो.

ढवळलं ते फोननं.

म्हणजे डाव होता त्या हातानं टायपिंग करायला गेलो आणि फोन होता तो हात पातेल्यात गेला. पोळल्यावर हात बाहेर आला. फोन आतच राहिला. बटाट्यांच्या फोडींमध्ये तो क्षणभर उजळला, त्यानं मला पूर्ण सहा आकडे स्वच्छ दाखवले आणि मालवला.

मी घरच्या लँडलाइनवरून ताईला फोन लावला आणि कुलूप, कोड, गुप्त प्रश्न, सगळं सांगितलं.

“कोड कुठाय?” तिनं विचारलं.

“रश्श्यात.”

“काय?”

“शिजतोय.”

 ताईनं आधी गॅस बंद करायला लावला, नंतर भाजलेला हात थंड पाण्याखाली धरायला लावला, आणि मग म्हणाली, “आता रडू नकोस. तो गुप्त प्रश्न घे.”

मी लिहिलं, ‘रस्सा’. चूक. ‘आईचा रस्सा’. चूक. कंपनीनं नम्रपणे कळवलं की आणखी तीन वेळा चुकलात तर दिवसभरासाठी दार बंद. ‘आईच्या हातचा रस्सा’. चूक.

“शुद्धलेखन बघ,” ताई म्हणाली. “शाळेत तू ‘आई’सुद्धा ऱ्हस्व लिहायचास.”

ऱ्हस्व लिहिलं. चूक. आता एकच संधी उरली. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. मी खुर्चीत मटकन बसलो. गेल्या दोन वर्षांत आई गेली याचं दुःख मी कामात, फोटोत, वेबसाइटीत गुंडाळून ठेवलं होतं. आता वाटलं, तिचा आवाज दुसऱ्यांदा जाणार आणि या वेळी मीच घालवणार.  पलीकडे ताईच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ मला फोनमधून ऐकू येत होतं.

एवढ्यात बायको आली. पातेलं पाहिलं, मला पाहिलं, पिशवी खाली ठेवली.

“उत्तर काय लिहिलंत?”

“आईचा रस्सा! दुसरं काय असणार?”

“मी ते लिहिलंच नव्हतं,” ती म्हणाली. “प्रश्न आवडत्या जेवणाचा होता. खोटं कशाला लिहायचं?” आणि तिनं शांतपणे टाइप केलं, ‘शेजारच्या काकूंकडचं काहीही’.

दार उघडलं.

“हे तुला कोणी सांगितलं?” मी ओरडलो.

“सासूबाईंनी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात. म्हणाल्या, ‘रस्सा केला की हा ताट घेऊन शेजारी जायचा. तू मनाला लावून घेऊ नकोस.’”

फोनमधून ताईचं हसू फुटलं. “खरंच की गं! आई दारातून हाका मारायची आणि हा काकूंच्या टेबलाखाली लपायचा. मी विसरलेच होते.”

मी विसरलो नव्हतो, मी सुधारून घेतलं होतं. वास मात्र खरा होता, खिडकी खरी होती. खाल्लं नाही म्हणून आठवण यायचं थांबतं थोडंच?

बायकोनं जुनी प्रत परत आणली. बूट गेले. तिनं रेकॉर्डिंग लावलं आणि ताईसाठी फोन स्पीकरजवळ धरला. आई बोलू लागली, “कांदा नीट परतून घे, घाई करू नको. तुला सगळ्याचीच घाई... मग फोडी टाक. पाणी गरमच घाल हं. ऐकतोयस ना? नुसतं हो हो करू नको.” आणि मागून माझा आवाज, “हो, हो.”

 ताईनं नाक ओढलं. बायकोनं माझ्या भाजलेल्या बोटांना मलम लावलं, जरा जास्तच वेळ लावलं. मग आम्ही त्या रेकॉर्डिंगच्या तीन ठिकाणी प्रती केल्या. एक ताईला पाठवली. आता तिला माझ्या वेबसाइटवर विसंबून चहा प्यायची गरज नव्हती.

त्यानंतर मी साइटला अशी काही कुलपं लावली की कुलूपकाकांनी स्वतः येऊन पाठ थोपटली. अभिप्राय द्यायचा तर आधी आपण माणूस असल्याचं सिद्ध करावं लागे. चित्रांतले दिवे ओळखा, वाकडी अक्षरं वाचा, बेरीज करा, पत्ता पडताळा. महिनाभर कोणी त्यातून पार पडलं नाही.

आणि मग एके दिवशी एक बाई पार पडल्या. खऱ्या, हाडामांसाच्या. मी बायकोला हाक मारली, खुर्ची दिली, ताईला फोन लावला आणि आवाज चढवून वाचलं, ‘आपली कृती तीनदा करून पाहिली. एक विचारायचं होतं. यात मीठ कधी घालायचं?’

मी कृती वाचली. पुन्हा वाचली. मग रेकॉर्डिंग ऐकलं. मीठ कुठेच नव्हतं.

“पण मी इतक्यांदा रस्सा केला,” मी बायकोला म्हणालो. “तो अळणी कधीच नव्हता!”

“तुम्ही फोटो काढायला चष्मा शोधत आत जाता ना,” ती म्हणाली, “तेव्हा मी घालते.”

“मग आईनं कसं सांगितलं नाही?”

पलीकडून ताई म्हणाली, “तिला वाटलं असेल, तेवढं तरी तुला कळत असेल.”